घर नवं, पॉलिसी मात्र जुनीच?

घराचं काम काढलं की किती गोष्टी ठरवाव्या लागतात! टाइल्स कोणत्या, ओट्याला कोणता दगड, भिंतींना कोणता रंग, मिस्त्री किती दिवस घेणार. या यादीत बहुतेकांच्या घरी एक गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे घराचा विमा. गृहकर्ज घेताना बँकेच्या सांगण्यावरून पॉलिसी काढलेली असते, कागद फाइलमध्ये जातो आणि आपण विसरतो. पण त्या कागदावर तुमचं जुनं घर लिहिलेलं आहे, हे लक्षात घ्या.

दिल्लीतल्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग ठाऊक असतोच, कारण जुनं महाराष्ट्र सदन तिथलंच. तिथून जवळच्या आयटीओ परिसरात जुलै 2023मध्ये यमुनेचं पाणी शिरलं होतं. नदीची पातळी तेव्हा 208.66 मीटर या विक्रमी उंचीवर पोचली होती. 17 फेब्रुवारी 2025च्या पहाटे धौला कुआं भागात केंद्र असलेल्या 4.0 तीव्रतेच्या भूकंपाने दिल्लीकरांची झोप उडवली. पूर आणि भूकंप, दोन्ही घरविम्यात येतात. पण उद्या खरंच नुकसान झालं, तर भरपाई जुन्या घराच्या हिशोबाने मिळेल की नव्या?

पॉलिसी काय म्हणते?

1 एप्रिल 2021पासून देशात ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्याच. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं अशा अनेक धोक्यांपासून ती संरक्षण देते. घराच्या बांधकामात वाढ किंवा फेरबदल केले तर ते कंपनीला कळवणं मात्र तुमची जबाबदारी आहे.

त्यातली 10 टक्क्यांची अट नीट वाचा. फेरबदलामुळे कार्पेट एरिया 10 टक्क्यांहून जास्त वाढला, तर जादा हप्ता भरून पॉलिसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. नाहीतर त्या वाढीव भागाला संरक्षण नाही. समजा, तुमचा फ्लॅट 700 चौरस फुटांचा आहे आणि 80 फुटांची बाल्कनी बंद करून तुम्ही ती खोलीत घेतली. बाल्कनी मुळात कार्पेट एरियात पूर्ण धरत नाहीत. ती आत घेतली की ते क्षेत्र वाढू शकतं आणि मर्यादा आहे 70 फुटांची.

क्षेत्र वाढलं नाही, तरी किंमत वाढते

इमारतीची विमा रक्कम ठरते ती कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर अशी. जमिनीची किंमत त्यात नसते. समजा, दर 2,000 रुपये धरला, तर 700 फुटांचे 14 लाख झाले. आता फरशी, वायरिंग, बाथरूम यांवर तुम्ही 6 लाख खर्च केले आणि विमा रक्कम तीच ठेवली, तर घर पूर्ण उद्ध्वस्त झालं तरी इमारतीसाठीची मर्यादा त्या जुन्या रकमेचीच. अनेक वर्षांच्या पॉलिसीत ही रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, पण मोठ्या कामाला ती वाढ पुरेलच असं नाही.

घरातल्या सामानाचंही तसंच. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत सामान आपोआप धरलं जातं. म्हणजे वरच्या उदाहरणात 2 लाख 80 हजार. नवा सोफा, फ्रिज, टीव्ही आणि पलंग यांची बेरीज एकदा करून पाहा! रक्कम जास्त होत असेल, तर सामानाची यादी देऊन विमा वाढवून घेता येतो. गच्चीवर सोलर पॅनेल बसवलं असेल, तर तेही कळवा.

काम चालू असताना

खरा धोका याच दिवसांत असतो. जमीन खचून झालेलं नुकसान पॉलिसीत आहे, पण ते पाडकाम, फेरबदल किंवा सदोष कारागिरीमुळे झालं असेल तर नाही. चोरीचं संरक्षणही फक्त आग, पूर अशा घटनेनंतरच्या सात दिवसांपुरतं आहे. कामगारांची ये-जा चालू असताना कपाट फुटलं, तर मूळ पॉलिसी उपयोगाची नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

दिल्ली परिसरात आणखी एक अडचण आहे. हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की धूळ उडवणारी बांधकामं थांबवली जातात. एका महिन्याचं काम लांबतं आणि अर्धवट घर कुलूपबंद राहतं. बंद घराबाबत अनेक पॉलिसींत दिवसांची मर्यादा असते. तुमच्या पॉलिसीत ती आहे का, ते आधीच पाहून ठेवा.

एवढं जरूर करा

• काम सुरू होण्यापूर्वी कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. पॉलिसीची प्रत बँकेकडे असेल, तर मागून घ्या.
• भिंत पाडण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची व महापालिकेची आवश्यक परवानगी लेखी घ्या.
• कामगारांचा विमा काढला आहे का, हे कंत्राटदाराला विचारा.
• कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, तसंच सगळी बिलं मोबाइलमध्ये आणि ईमेलवर ठेवा.
• काम संपलं की विमा रक्कम वाढवून घ्या आणि बदलाची नोंद झालेला कागद मागून घ्या.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, मग विमा लोकपालांकडे. लोकपालांकडे तक्रारीला शुल्क नाही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येईल, की तुम्ही बदल कळवला होता का? म्हणून या आठवड्यात फाइल काढा आणि पॉलिसीवरचं क्षेत्रफळ व विमा रक्कम आजच्या घराशी ताडून पाहा.