लोकरीच्या गोंड्यातली अंडी

मुलांनो, ‘घरी मासे पाळायचेत, कोणते आणू?’ असं विचारणारी तुमची पत्रं अधूनमधून येतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोल्डफिश असतो. दिसायला तो छानच, पण चांगला वीतभर वाढतो, पाणी भराभर घाण करतो आणि आपण मात्र त्याला काचेच्या वाडग्यात कोंबतो. म्हणून आज एका वेगळ्याच माशाची गोष्ट. हा बोटाएवढा राहतो. त्याची अंडी तुम्ही चक्क चिमटीत धरू शकता. आणि पिल्लू अंड्यात असतानाच त्याचे डोळे तुम्हाला बाहेरून दिसतात! या माशांच्या गटाला म्हणतात किलीफिश.

नाव ऐकून दचकू नका हं. इंग्रजीत ‘किल’ म्हणजे ठार मारणं, हे तुम्ही शिकलात. पण इथे त्याचा काही संबंध नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा. त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. ओढ्यातला मासा, बस्स!

जगात किलीफिशच्या हजाराहून जास्त जाती आहेत, आणि काही तर भारीच. अंतराळात गेलेला पहिला मासा कोण? किलीफिशच! उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे ममीचॉग नावाचे दोन मासे आणि त्यांची ५० अंडी १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात गेली होती. वर-खाली काही कळेना, म्हणून ते दोघे सुरुवातीला गोल गोल गिरक्या घेत पोहत होते. तिथेच अंड्यांतून निघालेली पिल्लं मात्र पहिल्यापासून सरळ पोहली.

दुसरा एक आहे आफ्रिकेतला, झिंबाब्वे आणि मोझांबिकमधल्या पावसाळी डबक्यांत राहणारा. नाव जरा लांबलचक आहे, नोथोब्रँकियस फर्झेराय. डबकं आटायच्या आत याला सगळं आयुष्य उरकायचं असतं. अंड्यातून बाहेर आल्यापासून अवघ्या १४ दिवसांत तो स्वतः अंडी घालण्याइतका मोठा होऊ शकतो, असं शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये नोंदवलं. डबकं सुकलं की मासे मरतात. अंडी मात्र चिखलात झोपून राहतात, थेट पुढच्या पावसापर्यंत. अशा माशांची अंडी हौशी लोक ओलसर मातीसारख्या पीटमध्ये घालून चक्क पोस्टाने एकमेकांना पाठवतात!

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या घरचा किलीफिश आहे की. कोकणात, गोव्यात आणि खाली केरळपर्यंत ओढ्यांत, विहिरींत, भातखाचरांच्या पाण्यात तो असतो. काही भागांत त्याला पिकू म्हणतात. शास्त्रीय नाव ॲप्लोकायलस लिनिएटस. आमच्या शाळेच्या खालच्या अंगाला व्हाळ आहे. तिथे न हलता दोन मिनिटं उभं राहिलं की पाण्याच्या अगदी वरच्या थरात चमकता ठिपका सरकताना दिसतो. तो पिकूच्या डोक्यावरचा ठिपका. पाठ सपाट, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, अंगावर सोनेरी खवल्यांच्या ओळी आणि उभे काळे पट्टे. पाण्यावर मुंगी पडली की पुढच्या क्षणाला ती नाहीशी!

डासांच्या अळ्या हे तर त्याचं आवडतं जेवण. गंमत बघा, डास खायला म्हणून १९२८ मध्ये आपल्या देशात गंबुशिया हा परदेशी मासा आणला. गप्पीही परदेशीच, दक्षिण अमेरिकेतला. आज हे दोघे कितीतरी ठिकाणच्या पाण्यात पसरलेत आणि तिथल्या मूळच्या माशांना जागा आणि खाणं कमी पडतं. पिकूचा धाकटा भाऊ म्हणावा असा ॲप्लोकायलस ब्लॉकी आहे. मलेरियाचे डास आवरायला त्याचा उपयोग गोव्यात १९९० नंतरच्या दशकात करून बघितला आणि तो कामाला आला. घरचा गडी असताना बाहेरून माणसं बोलवायची, त्यातला प्रकार. असो.

शहरातल्या मुलांनी हिरमुसायचं कारण नाही. माशांच्या दुकानात ‘गोल्डन वंडर’ नावाने जो पिवळाधमक मासा मिळतो, तो पिकूचाच पाळीव प्रकार. ओढ्यातून आणणार असाल तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जा. अभयारण्यातून काही आणायचं नाही. आणि एक नर, दोन माद्या, एवढेच आणा. नर मोठा आणि जास्त झगमगीत असतो, त्याचा पोटाखालचा पर लांब असतो. मादीच्या अंगावर काळे पट्टे ठळक असतात, पाठीवरच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असली की पुरे. नळाचं पाणी असेल तर एक दिवस बादलीत ठेवून मग घाला, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. काही शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात. ते असं उडत नाही, त्यासाठी दुकानात थेंब मिळतात. विहिरीचं पाणी असेल तर प्रश्नच नाही. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा. पिकूला जोराचा प्रवाह आवडत नाही. वर तरंगणारी थोडी वनस्पती हवी, तिच्या सावलीत तो खूश असतो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला.

आणि झाकण! हे मी मोठ्या आवाजात सांगतेय असं समजा. पिकू उडी मारतो. वायर जायला ठेवलेल्या दोन बोटांच्या फटीतूनसुद्धा तो बाहेर पडतो, आणि सकाळी जमिनीवर सुकलेला सापडतो. वर बारीक जाळी ताणून बसवा, पाणी काठापासून तीन-चार बोटं खाली ठेवा.

त्याच्याबरोबर लहान मासे ठेवू नका. जे तोंडात मावतं ते अन्न, एवढंच त्याला कळतं. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. दुकानातलं सुकं खाणं चालतं, पण अंडी हवी असतील तर जिवंत खाणं पाहिजे. कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळणीने गाळून लगेच टाकीत सोडा. साठवून मात्र ठेवायच्या नाहीत! नाहीतर मासे राहतील बाजूला आणि घरात डेंग्यूच्या डासांचा कारखाना सुरू होईल.

आता आपलं हस्तकला. हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचा एक गुंडा घ्या. मेंढीची खरी लोकर नको, ती पाण्यात कुजते. घरातल्या मोठ्यांकडून लोकर उकळून घ्या, रंग सुटायचा थांबेपर्यंत. मग तुमच्या वहीच्या उंचीवर तिचे तीस-चाळीस वेढे गुंडाळा. एका टोकाला घट्ट गाठ मारा, दुसऱ्या टोकाला कापा. झाला गोंडा तयार! गाठीशी बाटलीचं बूच बांधलं की तो पाण्यावर तरंगतो आणि त्याचे धागे खाली लोंबतात. अगदी पाण्यात उतरलेल्या झाडाच्या मुळांसारखे. व्हाळात पिकू अशाच मुळांत आणि पानांत अंडी घालतो.

गोंडा टाकीत सोडला की नर मादीच्या मागे लागतो. दोघं धाग्यांत शिरतात, शेजारी शेजारी थरथरतात आणि एक अंडं धाग्याला चिकटतं. एका वेळी एकच हं! बेडकासारखी ढीगभर नाही. आज दोन, उद्या चार, असं बरेच दिवस चालतं.

गोंडा दोन-तीन दिवसांनी बाहेर काढायचा. पिळायचा नाही, फक्त निथळू द्यायचा. मग उजेडात एकेक धागा बाजूला करत शोधायचं. साबुदाणा भिजवायच्या आधी असतो ना, त्याच्याहून लहान, काचेच्या मण्यासारखं काहीतरी बोटाला लागेल. कडक असतं ते, हलक्या हाताने उचललंत तर फुटत नाही.

गोंडा आठवडाभर तसाच ठेवला तर? अंडी सापडणार नाहीत. मोठे मासे ती खाऊन टाकतात. आमच्या चौथीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगी एकदम उठून उभी राहिली. “बाई, आईच खाते? मग असले मासे पाळायचेच कशाला?” रागाने तिचे डोळे भरून आले होते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी वर्गाला व्हाळावर नेलं आणि विचारलं, इथे एक साबुदाणा टाकला तर शोधून दाखवाल? मुळं, शेवाळ, पाचोळा, वाहतं पाणी. अंडं घातलं की मासा पुढे निघून जातो. तेच अंडं परत त्याच्या तोंडासमोर यायचं कारणच नसतं. आपल्या दोन फुटी टाकीत मात्र ते रोज त्याच्या नाकासमोर असतं, आणि हे अंडं आपलंच, हे कळण्याची सोय माशाला नाही. म्हणजे दोष आईचा नाही, जागेचा आहे. आपण त्याला व्हाळातून उचललं, तेव्हा व्हाळ करत होता ते लपवायचं काम आपल्या अंगावर आलं. ती मुलगी काही बोलली नाही. पण गोंडा तपासायची पाळी तिने स्वतःहून मागून घेतली, आणि ती कधी चुकवली नाही.

सापडलेली अंडी श्रीखंडाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. त्यात टाकीतलंच दोन बोटं पाणी. डबा सावलीत, मुंग्यांपासून लांब. रोज थोडं पाणी बदला आणि जे अंडं दुधाळ पांढरं पडेल ते लगेच काढून टाका. ते फलित नसतं. त्याच्यावर बुरशी येते, मग ती शेजारच्या अंड्यालाही धरते. डब्यावर तारीख घाला. ही तारीख फार महत्त्वाची.

आता एक भिंग मिळवा. पहिले काही दिवस काहीच घडत नाही असं वाटेल. मग आत एक अंधूक रेघ दिसेल. आठवडा होता होता दोन काळे ठिपके. ते डोळे! आणखी एक-दोन दिवसांनी त्या डोळ्यांभोवती सोनेरी कडं येतं. शेपूट अंड्याच्या आतून गोल गुंडाळलेली असते आणि मध्येच सगळं पिल्लू गर्रकन फिरतं. भिंग स्थिर धरलंत तर त्याचं हृदय धडधडताना दिसेल, रक्त पळताना दिसेल. पुस्तकातल्या आकृतीत बाण काढून दाखवलेलं असतं ना, तेच, पण जिवंत. आमच्या वर्गात एका भिंगासाठी अशी रांग लागली की मधली सुट्टी संपल्याची घंटा कोणाला ऐकूच आली नाही.

साधारण बारा ते चौदा दिवसांत पिल्लू बाहेर येतं. थंडी असेल तर आणखी थोडे दिवस. म्हणून मे महिन्यात मामाच्या गावाला जायच्या तोंडावर अंडी गोळा करू नका. मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात, पिल्लं नाही.

पिल्लांसाठी वेगळी पसरट टाकी, त्यात पाणी चार-पाच बोटंच. पिल्लं पाण्याच्या कातडीला चिकटल्यासारखी वरच राहतात. त्यांचं पहिलं खाणं आधीच तयार करा. बाटलीत टाकीतलं पाणी आणि वाळक्या केळीच्या पानाचा तुकडा घालून चार-पाच दिवस खिडकीत ठेवा. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. ते पाणी थेंबाथेंबाने द्यायचं. दोन-तीन दिवसांनी आर्टेमिया. त्याची अंडी माशांच्या दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम जाडं मीठ, त्यात चिमूटभर अंडी आणि पंपाचे बुडबुडे. दीड दिवसात केशरी ठिपके नाचायला लागतात. फडक्यातून गाळून, साध्या पाण्याने धुऊन ते पिल्लांना द्या. पिल्लांची पोटं केशरी दिसली की समजायचं, जेवण झालं.

इथे एक घोटाळा होतो. रोज थोडी थोडी अंडी, म्हणून पिल्लंही लहानमोठी. पंधरा दिवसांचं भावंड दोन दिवसांच्या भावंडाला गिळतं. तेव्हा मोठी झालेली चमच्याने उचलून वेगळ्या भांड्यात टाका. भांडी किती आहेत ते आधी मोजा आणि मगच अंडी किती ठेवायची ते ठरवा. पहिल्या वेळी आठ-दहा भरपूर झाली. तेवढी मिळाली की गोंडा काढून वाळत टाका. मग पुढची अंडी मोठे मासे खातील, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

पाच-सहा महिन्यांत पिल्लं आई-बाबांएवढी दिसायला लागतील. जास्त झाली तर मित्रांना द्या, शाळेला द्या, दुकानदारही घेतो. ओढ्यात किंवा विहिरीत मात्र सोडायची नाहीत, अगदी मूळचे मासे त्याच ओढ्यातले असले तरी. टाकीतले रोग त्यांच्याबरोबर जातात, आणि दुकानातला पिवळा पिकू तर तिथला नाहीच.

ज्यांनी गोंडा केला त्यांनी मला कळवा. अंडं कोणत्या तारखेला सापडलं, डोळे कितव्या दिवशी दिसले, पिल्लू कितव्या दिवशी बाहेर आलं आणि तुमच्या गावाचं नाव, एवढं एका कार्डावर लिहा. कोकणातली पिल्लं लवकर बाहेर येतात की नाशिकची, ते सगळी कार्डं एकत्र मांडून बघू.