दूरची आपत्ती आणि मंडळीची थैली

कोठे भूकंप झाला, कोठे नदीने गाव गिळले, की पुढल्या रविवारी महाराष्ट्रातील बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांतून उपासनेच्या अखेरीस एक निवेदन वाचले जाते, प्रार्थना होते, आणि नेहमीची थैली फिरून गेल्यावर दुसरी थैली फिरते. या दुसऱ्या थैलीत पडणाऱ्या पैशामागची कळकळ निःसंशय असते. परंतु तो पैसा कोणाच्या हातून, किती मुदतीत आणि कोणाच्या विचाराने आपद्ग्रस्तांपर्यंत पोहोचतो, याची पृच्छा क्वचितच होते. नेमकी ही पृच्छा करण्याची सवय ज्या संस्थेने स्वतःच्या घरात पिढ्यानपिढ्या जोपासली, तिनेच बाहेर देताना ती विसरावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

घरातील ही सवय पाहावयाची असेल तर नगर जिल्ह्यातील एखाद्या खेडेगावच्या मंडळीच्या हंगामाच्या सणाला जावे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास ठाणे दिले, तेव्हापासून त्या मुलखात ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांत लहान शेतकऱ्यांचा व शेतमजुरांचा भरणा मोठा; ज्याच्या गाठी रोकड नाही त्याने देवापुढे काय ठेवावे, तर शेतात आणि परसात जे असेल ते. वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, टोपलीभर अंडी, पायांना सुतळी बांधलेली एखादी कोंबडी असे जिन्नस मांडले जातात आणि उपासना आटोपली की आवारात त्यांचा लिलाव पुकारला जातो. बाजारात ज्याला कोणी फारसे विचारणार नाही असा भोपळा शंभर-दोनशेला जातो, घेणारा पैसे मोजून तोच भोपळा पुन्हा लिलावात ठेवतो, एखादा थट्टेखोर तरुण आपल्याच आत्याविरुद्ध बोली चढवीत राहतो. आणि हा सारा हंशा चालू असताना बाजूच्या टेबलापाशी खजिनदार प्रत्येक बोली नावासकट वहीत उतरवून घेत असतो. ज्याचे पैसे येणे राहिले त्याचेही नाव त्या वहीत राहते. ते त्यास कितपत रुचते, हा प्रश्न निराळा.

जमेच्या बाजूस जी चोख नोंद, तीच खर्चाच्या बाजूस. गरीब फंडातून कोणास किती द्यावे याचा निर्णय पंच करतात. पण त्या निर्णयाचा खरा आधार असतो तो पाळकांच्या घरभेटींचा आणि महिला मंडळाच्या घरोघरच्या प्रार्थनांचा. कोणाचे छप्पर गळते, कोणाची मुलगी फीपायी शाळेतून निघाली, कोणत्या घरी रोख न देता दुकानदाराकडे परभारे दाणे लावून दिलेले बरे, हे त्या बायकांना पंचांच्या आधी ठाऊक असते. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांतूनही, १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम यांनी स्थापिलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजूंच्या घरी जातात ते सहसा एकट्याने जात नाहीत. दोन माणसांनी पाहिलेले दारिद्र्य अतिशयोक्तीपासूनही वाचते आणि उपेक्षेपासूनही.

या हिशेबीपणास निव्वळ व्यवहाराचा आधार आहे असे नव्हे. अन्नवाटपात काही विधवांची हेळसांड होते अशी कुरकुर उठताच पहिल्या मंडळीने सात माणसे निवडून तो कारभार त्यांच्या स्वाधीन केला, असा वृत्तांत नव्या करारात आहे. क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत पडलेल्या दुष्काळाचे भाकीत आधी कानी आले तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून ती बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदीयात रवाना केली. आणि पुढे यरुशलेमेतील गरिबांसाठी पौलाने करिंथकरांकडे जी मदत मागितली, तिच्यासंबंधीची त्याची पत्रे वाचताना तर आपण एखाद्या सावध कारभाऱ्याचे दप्तर चाळीत आहोत असे वाटते. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर ऐन वेळी गोळा करण्याची धांदल नको. रक्कम घेऊन जाणारी माणसे मंडळीनेच पसंत करावीत. तीताबरोबर इतर मंडळ्यांनी नेमलेला बंधूही जावा, कारण एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणास दोष ठेवण्यास जागा राहू नये. प्रेषितपदाचा अधिकार ज्याच्यापाशी होता त्याने स्वतःच्या सचोटीची नुसती ग्वाही न देता साक्षीदार बरोबर घेतले, ही गोष्ट दानावरील प्रवचनांतून यावी तितकी येत नाही. ती प्रवचने बहुधा संतोषाने देण्यापाशी थांबतात.

संतोषाने दिलेले दान किती वाया जाऊ शकते, हे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दाखविले. तो नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार होता. वसई-गोव्याकडच्या भाविकांना जे वेलंकणी परिचित आहे तेथे शेकडो यात्रेकरू लाटेत गेले, त्यामुळे आपल्याकडील मंडळ्यांना ते दुःख परके राहिले नाही आणि मदतीचा ओघ लोटला. त्या ओघात देशभरातून जुने कपडे इतके आले की नागपट्टिणमच्या बाजूस रस्त्यांच्या कडेला त्यांचे ढीग पडले. आपद्ग्रस्त कोळ्यांनी, जे त्या घटकेस निराधार असले तरी भिकारी नव्हते, त्या कपड्यांस हात लावला नाही, आणि अखेर ते ढीग उचलून निवडण्याची कामगिरी ‘गूंज’ या संस्थेस करावी लागली. होड्यांची कथा याहून बोधक आहे. फायबरची होडी देणे दात्यास सोयीचे, तिच्यावर आपले नाव रंगविता येते, तिचे छायाचित्रही चांगले येते. परिणामी काही किनाऱ्यांवर जितक्या होड्या बुडाल्या होत्या त्यांहून अधिक वाटल्या गेल्या. त्याच वेळी ज्यांची होडी कधीच नव्हती ते मिठागरांवरचे मजूर, खाऱ्या पाण्याने रोजगार बुडालेले दलित शेतमजूर आणि इरुळर आदिवासी कित्येक ठिकाणी यादीबाहेर राहिले. त्या किनाऱ्यावर महिला मंडळातल्यासारख्या चार चौकस बायका यादी करणारांबरोबर हिंडल्या असत्या, तर ही चूक पहिल्याच आठवड्यात उघडी पडती.

किल्लारीच्या भूकंपाची आठवण आपल्याला अधिक जवळची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असताना, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि मातीच्या थरांनी जड झालेली माळवदे माणसांवर कोसळली. पहिल्या पंधरवड्यात तेथे मोटारींची रीघ लागली. त्यानंतर दात्यांनी गावे दत्तक घेतली, ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी सरळ, रुंद रस्त्यांच्या कडेने एकसारख्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. वाड्याचे अंगण, शेजार, गुरांची जागा, शेताचे अंतर यांचा विचार आराखडा काढणाराने केला नव्हता, कारण त्याबद्दल राहणाऱ्यांस विचारले गेले नव्हते. याउलट ज्या गावांतील घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती तेथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावच्याच स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. दोन अंगांच्या भिंतीस जखडणारा आरपार दगड कोठे बसवावा, सरकारी हप्ता कोणत्या टप्प्यास मिळतो, हे त्या शेजारणींना समजावून सांगू लागल्या. या कामाचे उद्घाटन कोणी करीत नाही, म्हणून त्यास वर्गणी मिळणे कठीण.

ख्रिस्ती मंडळीच्या दानापुढे आणखी एक अडचण आहे, आणि ती झाकून ठेवण्यात हशील नाही. १८७६-७८ च्या आणि शतकाअखेरच्या दुष्काळांत मिशनांनी असंख्य जीव वाचविले, त्याबरोबर बाप्तिस्म्यांची संख्याही वाढली, आणि धान्यासाठी धर्म हा आरोप तेव्हापासून चिकटून राहिला. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून व गुजरातेतून आणलेल्या दुष्काळग्रस्त मुलींना केडगावी विणकाम, छपाई, शेती असे धंदे शिकविले, हे त्या काळच्या दूरदृष्टीच्या मदतीचे ठळक उदाहरण. तरीही तो संशय त्यांच्याही वाट्यास आला. आज या प्रश्नाचे उत्तर कागदावर तरी स्पष्ट आहे: रेड क्रॉस व अन्य संस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता स्वीकारली, तीत गरजेव्यतिरिक्त दुसरी कसोटी नाही आणि मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक वा राजकीय मतासाठी होणार नाही अशी कलमे आहेत, आणि ती घडविणाऱ्यांत जागतिक चर्च परिषद व कारितासही होत्या. मंडळीने आपल्या रकमेसोबतच्या पत्रात ही अट स्वतःच लिहावी. इतरांनी मागण्याची वाट पाहू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पुराने जमिनी खरवडून नेल्या, तेव्हा पुन्हा दुसरी थैली फिरली. आमचे म्हणणे एवढेच की त्या थैलीतून कपडे व बाटलीचे पाणी पाठविण्याचा मोह आवरावा. पहिल्या तीन दिवसांची भाकरी शेजारच्या गावांनी आणि तहसील कचेरीने पोहोचविलेली असते, ती मुंबई-पुण्याहून निघालेल्या ट्रकची वाट पाहत नाही. मंडळीचा पैसा त्यापुढच्या महिन्यांसाठी आहे, जेव्हा विहिरीतला गाळ काढावयाचा असतो, रब्बीचे बियाणे आणि वाहून गेलेल्या म्हशीच्या जागी दुसरी म्हैस घ्यावयाची असते, आणि पंचनाम्यात ज्याचे नाव नाही त्या वाटेकऱ्यास कोणतीच भरपाई मिळत नाही. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये सुरू झालेली ‘कासा’ किंवा १९६२ मध्ये स्थापन झालेली ‘कारितास इंडिया’ अशा, किंवा त्या तालुक्यात आधीपासून काम करणाऱ्या कोणत्याही धर्माच्या वा निधर्मी संस्थेस रक्कम द्यावी, पावती घ्यावी, आणि तिच्या माणसांच्या पगारावर व प्रवासावर होणाऱ्या खर्चाबद्दल नाक मुरडू नये. यादी फुकट होत नाही. हे निष्ठुर वाटेल, असे काही सज्जन म्हणतील. परंतु आपल्याच मंडळीतील विधवेस तिला नको असलेले लुगडे देऊन कोणी पंच मोकळा होत नाही.

अर्धी रक्कम तत्काळ आणि अर्धी सहा महिन्यांनी द्यावी, आणि दुसरा हप्ता सुटण्यापूर्वी पंचांपैकी एकाने व महिला मंडळातील एकीने त्या गावी जाऊन यावे, त्यांचा प्रवासखर्च थैलीतून न घेता मंडळीच्या चालू खर्चातून द्यावा, असा ठराव पुढील वार्षिक सभेत मांडण्यास हरकत नसावी. तो मांडला गेला तर वाद होईल तो बहुधा प्रवासखर्चावरच.