बॉर्डरचं कापड 'अंदाजे' घेणं बंद करा

मैत्रिणींनो, 'एक मीटर पुरेल गं' याच अंदाजात माझी पहिली गोधडीची ऑर्डर बुडाली. दोन पट्ट्या कमी पडल्या. परत गेले तर तो तागा संपलेला, नव्याचा रंग जुळेना. गिऱ्हाईकाने गोधडी घेतलीच नाही.

हिशोब बघा. गोधडी 60 बाय 90 इंच, बॉर्डर 5 इंच. दोन बाजू 90, दोन 70 (कोपरे धरून), झाले 320. शिलाई-जोडाचे 11 धरले की 331. 44 इंच पन्ह्यातून किनार सोडून 42 मिळतात, म्हणजे 8 पट्ट्या. शिलाईसकट पट्टी 6 इंच, 8 सख 48. सव्वा मीटर! सुती कापड आटतं, म्हणून दीड घ्या, आधी धुवा.

आणि पैसे दीड मीटरचेच लावा, सव्वाचे नाही. उरलेला तुकडाही तुम्हीच विकत घेतलाय ना?