पिलर ड्रिल : आधी जॉब बांधा, मग बटण दाबा

लखनौच्या चारबाग आणि आलमबाग भागात रेल्वेचे जुने कारखाने आहेत. अशा कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड घेणारी मुलं-मुली आपल्या आसपास असतील, कदाचित आपल्या घरातही. वर्कशॉपमध्ये त्यांची गाठ ज्या यंत्रांशी पडते, त्यातलं एक म्हणजे पिलर ड्रिल.

याची रचना साधी आहे. खाली ओतीव लोखंडाचा जड पाया, त्यावर उभा गोल खांब. खांबावर वर-खाली सरकणारं आणि बाजूला फिरणारं टेबल. माथ्यावर मोटर, पट्टा आणि पायऱ्यांच्या दोन पुली. पट्टा स्पिंडल फिरवतो, स्पिंडलच्या टोकाला चक असतो आणि चकात ड्रिल बिट. बाजूचा दांडा ओढला की फिरतं बिट खाली येतं, सोडला की स्प्रिंगमुळे परत वर जातं.

पायऱ्यांच्या पुली वेग बदलण्यासाठी असतात. पट्टा मोटरच्या लहान पुलीवरून स्पिंडलच्या मोठ्या पुलीवर घेतला की वेग कमी होतो. बिट जितकं जाड, तितका वेग कमी ठेवायचा. साध्या पोलादात हाय स्पीड स्टीलचं ५ मिमीचं बिट मिनिटाला साधारण १९०० फेऱ्यांवर चालतं, तर १० मिमीचं ९५० च्या आसपास. वेग जास्त झाला तर बिट तापतं आणि त्याची धार जाते.

नवशिक्याचं सगळं लक्ष टोकदार बिटाकडे असतं. पण मोठा धोका असतो तो हातात धरलेल्या जॉबचा. भोक आरपार होताना बिट पत्र्यात अडकतं आणि पत्रा पात्यासारखा गरगर फिरू लागतो. तो हाताने थांबवता येत नाही, उलट बोटं जातात. म्हणून जॉब व्हाइसमध्ये किंवा क्लँपने टेबलाला घट्ट बांधायचा. पातळ पत्र्याखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा. भोक संपत आलं की दांड्यावरचा जोर कमी करायचा.

आणखी काही सवयी लावून घ्या. सेंटर पंच मारून खूण करा, म्हणजे बिट घसरत नाही. चकाची चावी काढल्याशिवाय बटण दाबू नका. चष्मा लावा, पण हातमोजे घालू नका, कारण फिरतं बिट मोज्यासकट हात ओढून घेतं. ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस आवरून घ्या. चुरा हाताने नाही, तर मशीन बंद करून ब्रशने झाडा. पट्टा बदलतानाही आधी वीज बंद करा.

घाई असली की ‘एकच तर भोक आहे’ म्हणून जॉब हातात धरायचा मोह होतो. बांधायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. तुमचं मूल आज वर्कशॉपमधून घरी आलं की सहज विचारा, ‘जॉब बांधला होतास ना?’