हाकेचें नांव

जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे पहिल्या दिवशीं हजेरी घेतांना एक मौज नेहमीं आमच्या प्रत्ययास येते. पटावरील नांव आम्ही मोठ्यानें वाचावें, कोणी उत्तर देऊं नये, आणि मागच्या बांकावरून कोणी तरी आपल्या शेजाऱ्यास कोपरानें ढोसून सांगावें, "अरे, तूंच तो!" मग तो मुलगा गोंधळून उभा राहतो. दोष त्याचा नसतो. घरीं त्या नांवानें त्यास कोणीं कधीं हाकच मारलेली नसते. बारशाच्या दिवशीं आत्यानें कानांत सांगितलेलें नांव एक आणि अंगणांतून ऐकूं येणारें दुसरें, अशी आपल्याकडे पुष्कळ मुलांची स्थिति असते. पहिलें नांव निवडण्यासाठीं आईबाप फार खल करितात. दुसरें मात्र कोणाच्या तरी तोंडून सहज बाहेर पडतें आणि जन्मभर चिकटतें. म्हणून या दुसऱ्या नांवाविषयीं, म्हणजे हाकेच्या नांवाविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आजोबांचें नांव नातवास ठेवावें हा आपला जुना रिवाज. आणि सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारूं नये, हाही तितकाच जुना. मग त्या माउलीनें आपल्या लेकरास हाक तरी कशी मारावी ? तिनें बाळ, बापू, नाना, अण्णा यांपैकीं एखादें नांव पुढें केलें आणि अडचण दूर झाली. लोकमान्य टिळकांचें (१८५६–१९२०) जन्मनांव केशव. परंतु घरांतलें 'बाळ' हेंच नांव जगानें उचललें, आणि बाळ गंगाधर हींच अक्षरें इतिहासांत गेलीं.

दुसरा मार्ग मूळ नांवच आटोपशीर करण्याचा. त्याचें व्याकरण शाळेंत कोणी शिकवीत नाहीं, तरी तें प्रत्येक आजीस अवगत असतें. नांवाचा आरंभ राखावयाचा, शेवट गाळावयाचा आणि ऊकार जोडावयाचा : सदाशिवाचा सदू, दत्तात्रेयाचा दत्तू, पांडुरंगाचा पांडू, विश्वनाथाचा विसू, यमुनेची यमू, सरस्वतीची सरू, गंगेची गंगू. हा ऊकार लाडाचा. प्रत्यय बदलला कीं भाव बदलतो. नारायण हा एकच. परंतु आईच्या तोंडीं तो नारू, सोबत्यांच्या तोंडीं नाऱ्या आणि चार लोकांत नारोपंत किंवा नारायणराव. एका प्रत्ययानें माणूस अंगणांतून ओसरीवर चढतो, आणि एकानें ओसरीवरून अंगणांत उतरतो.

आमच्या संतांस हें मर्म पुरतें ठाऊक होतें. नामदेवांनीं आपल्या अभंगांत स्वतःस 'नामा' म्हटलें, तुकारामांनीं 'तुका', जनाबाईंनीं 'जनी'. लोकांनीं मात्र त्यांच्या पश्चात् तुकारामांचे तुकोबा केले आणि ज्ञानेश्वरांचे ज्ञानोबा. स्वतःचें नांव स्वतः आखूड करणें ही नम्रता होय. दुसऱ्याचें आखूड करणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे, आणि तिचा अधिकार सर्वांस नसतो.

हा अधिकार आपल्या समाजानें न्यायानें वापरला, असें म्हणवत नाहीं. मोठ्या घरचें मूल पाळण्यांतच 'राव' झालें, आणि त्याच्या शेतावर राबणारा गडी केस पिकले तरी धोंड्याच राहिला; तें शेंबडें मूलसुद्धां त्यास त्याच नांवानें 'अरे' म्हणून बोलवी. येथें एका शाळेच्या दप्तराची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत दाखल झाले, तेव्हां दप्तरांत त्यांचें नांव 'भिवा' असें लिहिलें गेलें. भिवा हें घरचें, मायेचें नांव. त्या दिवसाचें स्मरण म्हणून २०१७ सालापासून महाराष्ट्रांत ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळण्यांत येतो. पटावरील कोणतें आखूड नांव पुढें किती लांब जाणार आहे, हें हजेरी घेणाऱ्यास कधींच ठाऊक नसतें.

आम्हांसही तें ठाऊक नव्हतें, ही कबुली येथें दिली पाहिजे. वीस वर्षांपूर्वीं, शिक्षकीचा नवा अभिमान अंगीं असतांना, खेड्यांतून येणाऱ्या एका मुलाचें भारदस्त नांव आम्हीं भर वर्गांत तोडलें आणि त्यास 'या' जोडला. वर्ग हंसला, आम्हांसही त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. सहामाहीपर्यंत तीच हाक चालली. मग एके दिवशीं त्याचे वडील फी भरण्यास आले. दाराबाहेर वहाणा काढून त्यांनीं आपल्या मुलाची चौकशी केली, आणि त्याचें संपूर्ण नांव असें जपून उच्चारिलें, कीं जणूं तें कांचेचें भांडें आहे. तें नांव मुलाच्या आजोबांचें होतें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. मुलानें मान खालीं घातली होती. आमचीही वर झाली नाहीं. त्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. एकदां बिघडविलें, तेवढें पुरे.

कोणी म्हणतील, 'या' मध्यें जिव्हाळा नसतो काय ? असतो. विनायक नरहरी भावे यांस त्यांची आई 'विन्या' म्हणत असे, आणि त्या हाकेंत प्रेमाखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. पुढें तेच गांधीजींच्या आश्रमांत 'विनोबा' झाले. दोन्ही हाका त्याच एका नांवांतून निघाल्या, आणि दोन्ही प्रेमाच्याच होत्या. तसेंच, आधींचीं मुलें दगावल्यावर पुढच्या लेकरास दृष्ट लागूं नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशीं नांवें ठेवणाऱ्या आयांचें काळीज शब्दाइतकें कठीण नव्हतें. उलटपक्षीं, मुलगा हवा असतां मुलगी झाली म्हणून तिला 'नकुशी' म्हणणें, यांत शब्दही कठीण आणि काळीजही. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं अडीचशेंहून अधिक मुलींचें हें नांव समारंभपूर्वक बदलण्यांत आलें, आणि कित्येकींनीं आपलें नवें नांव आपणच निवडलें. 'तूं आम्हांस नको' असें दिवसांतून वीस वेळां ऐकून 'ओ' देणाऱ्या मुलीच्या मनाचें काय होत असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

तात्पर्य, दोष प्रत्ययाचा नव्हे, मुखाचा आहे. म्हणून पालकांस आमची विनंति अशी : नांव लांब असल्यास तें खुशाल आटोपशीर करावें, परंतु मुलाच्या स्वतःच्या नांवांतूनच करावें, म्हणजे मूळ नांवाचा धागा तुटत नाहीं, आणि पटावर तें वाचलें असतां मूल गोंधळत नाहीं. चाळिसाव्या वर्षीं चारचौघांत ऐकून ज्याची लाज वाटणार नाहीं, असेंच नांव निवडावें. रंग, उंची, तोतरेपणा, अधू पाय यांवरून तर नांव पाडूंच नये. देवानें दिलेल्या देहावर माणसानें टोपणनांव लिहिणें हें पाप आहे. नवें नांव द्यावयाचेंच झालें, तर गुण पाहून द्यावें. कुप्र बेटांतील योसेफास प्रेषितांनीं बर्णबा, म्हणजे धीर देणारा, असें नांव दिलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस शास्त्राच्या तासावरून ठाऊक आहे. आणि मूल जाणतें झालें, कीं एकदां त्यासच विचारावें, "तुला ही हाक आवडते ना ?" हा प्रश्न विचारण्यास कांहीं खर्च लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक सांगणें आहे. मित्राच्या घरीं गेलां असतां त्याचें लाडकें नांव तुमच्या कानीं पडेल. तें त्याच्या आईचें धन आहे. त्यानें परवानगी दिल्यावांचून तें वर्गांत आणून उधळूं नका. आणि शाळेचा गडी घंटा वाजवावयास जातो, तेव्हां त्यास कोणत्या नांवानें हाक मारतां, तें जरा आठवून पाहा. तो तुमच्या वडिलांच्या वयाचा असेल, तर त्याच्या नांवापुढें 'मामा' अगर 'काका' जोडण्यानें तुमचें नांव लहान होणार नाहीं.

आम्हीं आमच्यापुरता नियम केला आहे. हजेरी घेतांना प्रत्येक नांव, मग तें कितीही लांब असो, आम्ही आरंभापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतों. त्यास घटकाभर अधिक लागतो खरा. परंतु त्या घटकेंत चाळीस घरांच्या आजोबाआजींस आमचा नमस्कार पोंचतो, अशी आमची समजूत आहे.