विश्लेषण : कारखाना शहरात, कर मात्र जिल्ह्याला! पूर्व युरोपातील औद्योगिक वसाहतींचा वाद काय आहे?

गावात मोठा कारखाना आला की कराचे पैसेही गावाच्या तिजोरीत येणार, असं आपण गृहीत धरतो. हंगेरीतल्या ग्योड शहराचा हा समज एप्रिल २०२० मध्ये खोटा ठरला.

बुडापेस्टजवळच्या या छोट्या शहरात सॅमसंग एसडीआयचा बॅटरी कारखाना आहे. कोरोनाच्या आणीबाणीत सरकारने कारखान्याचा परिसर ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. त्यासरशी तिथला व्यवसाय कर शहराकडून पेस्ट जिल्ह्याच्या परिषदेकडे गेला. शहरात विरोधकांचा महापौर होता, तर जिल्हा सत्ताधारी फिदेस पक्षाच्या हातात. रोजगार वाचावेत आणि लाभ जिल्हाभर पोहोचावा, असं सरकारचं म्हणणं. विरोधकांनी मात्र याला राजकीय सूड म्हटलं.

अशी क्षेत्रं आली कुठून?

१९८९ नंतर समाजवादी राजवटी कोसळल्या आणि सोव्हिएत ऑर्डरवर चालणारे कारखाने अडचणीत आले. पोलंडमधलं म्येलेत्स हे असंच विमान कारखान्यावर जगणारं शहर. पोलंडने १९९४ मध्ये कायदा केला आणि १९९५ मध्ये म्येलेत्समध्ये देशातलं पहिलं विशेष आर्थिक क्षेत्र सुरू झालं. सूत्र साधं होतं : इथे गुंतवणूक करा, रोजगार द्या, प्राप्तिकरात सूट घ्या. पुढे अशी १४ क्षेत्रं झाली. २०१८ च्या कायद्याने तर नव्या गुंतवणुकीसाठी ही सवलत देशभर खुली केली.

सवलतींवर लगाम कोणाचा?

२००४ मध्ये पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया युरोपीय संघात आले आणि सरकारी मदतीवर ब्रुसेल्सची नजर आली. याचं एक उदाहरण थेट मुंबईशी जोडलेलं आहे. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे १.४ अब्ज युरोंचा कारखाना उभारला. त्याला देऊ केलेल्या १२.५ कोटी युरोंच्या मदतीची युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये सखोल चौकशी सुरू केली. ही मदत नसती तरी कंपनी इथेच आली असती का, हा कळीचा प्रश्न होता. २०१८ मध्ये आयोगाने मंजुरी दिली.

मग अडचण कुठे आहे?

या चौकशीत मुख्यतः स्पर्धेचा विचार होतो : कोणत्या कंपनीला अवाजवी फायदा मिळतोय का, बाजार बिघडतोय का. शेजारच्या वस्तीला पाणी पुरेल का, कराचा वाटा कोणाचा, हे प्रश्न देशातल्या यंत्रणांवरच सोडलेले असतात.

देब्रेत्सेनमध्ये हेच दिसलं. चीनच्या सीएटीएल कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे ७.३४ अब्ज युरोंचा बॅटरी प्रकल्प जाहीर केला. घोषणा आधी झाली. जानेवारी २०२३ च्या जनसुनावणीत पाणी आणि प्रदूषणाच्या भीतीने नागरिकांचा संताप उसळला. ठरलेल्या गोष्टीवर मत विचारलं, तर लोक चिडणारच.

रिकाम्या कारखान्यांच्या शहरांना या वसाहतींनी नवा रोजगार दिला, हे खरंच. पण नव्वदच्या दशकात बेकारीवर उपाय म्हणून आलेलं हे साधन आता सत्तेचं हत्यारही होऊ शकतं, हे ग्योडने दाखवलं. त्यामुळे नवी वसाहत जाहीर झाली की ‘किती कोटींची गुंतवणूक?’ एवढंच विचारून भागत नाही. पाणी कोणाचं, कर कोणाला आणि नाही म्हणायचा अधिकार कोणाकडे, हेही विचारायला हवं.