पुण्यात राहणारा ब्योमकेश

ब्योमकेश बक्षी म्हटलं की मराठी घरांना काय आठवतं? दूरदर्शन, १९९३ साल, बासू चटर्जींची सिरियल, धोतर-सदऱ्यातला रजित कपूर आणि त्याच्या सावलीसारखा फिरणारा के. के. रैनाचा अजित. सत्यवतीच्या भूमिकेत तर आपली सुकन्या कुलकर्णी! २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा नव्या पोरांनीही ती चवीनं पाहिली. सगळ्यांना उत्सुकता एकच, खून कोणी केला? हा ब्योमकेश ज्यानं जन्माला घातला तो लेखक राहत कुठे होता, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

उत्तर ऐकाल तर चकित व्हाल. पुण्यात!

शरदिंदू बंद्योपाध्याय हे त्यांचं नाव. जन्म १८९९चा, जौनपूरचा. बालपण बिहारात मुंगेरला, शिक्षण काही काळ कोलकात्यात. वडिलांसारखीच वकिली सुरू केली आणि ती सोडून लेखणी धरली. १९३८ साली बॉम्बे टॉकीजच्या हिमांशू रॉय यांनी त्यांना सिनेमाच्या कथा लिहायला मुंबईला बोलावलं. चौदाएक वर्षं सिनेमाच्या धंद्यात काढल्यावर १९५२मध्ये या गृहस्थांनी मुंबईला रामराम ठोकला. पण ते कोलकात्याला परतले नाहीत. पुण्याला गेले, तिथेच स्थिरावले आणि १९७०मध्ये निधन होईपर्यंत बंगालीत लिहीत राहिले. म्हणजे कोलकात्याच्या गल्लीबोळांतले ते खून, ती कारस्थानं, त्यातली कितीतरी पुण्याच्या हवेत रचली गेली आहेत. आणि आपल्याला पत्ता नाही!

हे सगळं मी पुन्हा वाचायला घेतलं त्याचं कारण ‘ब्योमकेश समग्र’ हा ग्रंथ. कोलकात्याच्या आनंद पब्लिशर्सनं ब्योमकेशच्या सगळ्या कथा एकत्र छापल्या आहेत. जाड पुठ्ठ्याची बांधणी, जवळपास हजार पानं, हातात धरून वाचायला घेतलं तर मनगट दुखावं असं वजन. बंगळुरात बंगाली कुटुंबं आता इतकी झाली आहेत की अलसूरच्या दुर्गापूजेला मुंगीला वाट मिळत नाही. त्यातलंच एक कुटुंब आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतं. घरातल्या वयस्कर बाईंना आम्ही सगळे माशीमा म्हणतो. (बंगालीत मावशीला माशीमा म्हणतात. आमची मुलं पहिले आठ दिवस हसत होती.) माशीमांच्या कपाटात हा ‘समग्र’ आहे, आणि तो रवींद्रनाथांच्या शेजारी आहे. वर-खाली नव्हे, शेजारी.

मला बंगाली लिपी अडखळत वाचता येते, त्यामुळे आमची वाटणी ठरली. माशीमा मोठ्यानं वाचणार आणि मी श्रीजाता गुहा यांचा पेंग्विननं काढलेला इंग्रजी अनुवाद मांडीवर घेऊन बसणार. पण गंमत अशी की कथांची नावं ऐकताना अनुवाद लागतच नाही. ‘सत्यान्वेषी’, ‘अग्निबाण’, ‘उपसंहार’, ‘अर्थमनर्थम्’ ही काय परक्या भाषेतली नावं आहेत? एकाच ठिकाणी मराठी कान फसतो. ‘माकडशार रस’ म्हटल्यावर मी माकड शोधत होते. निघाला कोळी! बंगालीत कोळ्याला माकडशा म्हणतात.

आता मुद्द्याचं. ब्योमकेशच्या पूर्ण कथा बत्तीस. त्यातल्या पहिल्या दहा १९३२ ते १९३६च्या सुमाराच्या. त्यानंतर तब्बल पंधरा वर्षं लेखकानं ब्योमकेशला हात लावला नाही. मी मुद्दाम या पहिल्या दहाच सलग वाचल्या. सुटी कथा वाचताना आपण गुन्हेगाराच्या मागे धावत असतो. दहा एकापाठोपाठ एक वाचल्या की लेखकच रंगेहाथ सापडतो.

उदाहरण घ्या. पुस्तकात पहिली कथा ‘सत्यान्वेषी’. कोलकात्यातलं एक मेस, त्यात भाड्यानं राहणारी नोकरदार माणसं, तळमजल्यावर होमिओपॅथीचे डॉक्टर, आणि वस्तीत एकामागून एक पडणारे मुडदे. तिथे खोटं नाव सांगून एक तरुण येतो आणि अजितच्या खोलीत पथारी टाकतो. हीच ब्योमकेश-अजितची पहिली भेट. पण लिहिली गेली ती तिसऱ्या नंबरला! आधी ‘पथेर काँटा’ आणि ‘सीमंत-हीरा’ या दोन कथा झाल्या होत्या. त्यांत हे दोघे जुने दोस्त असल्यासारखे एकाच घरात राहतात, सकाळी पेपर वाचत चहा घेतात, आणि कोणीच कोणाची ओळख करून देत नाही. दोन कथा लिहून झाल्यावर बहुधा लेखकाच्या ध्यानात आलं असावं, की हा प्राणी काही लवकर सोडणार नाही, तेव्हा याचं बारसं करून टाकलेलं बरं. एकत्रित पुस्तकात ते बारसं पहिल्या पानावर आलं आहे, आणि तेच योग्य झालं.

‘पथेर काँटा’ मात्र आजही कडक आहे. भर रस्त्यात माणसं कोसळतात, आणि त्यांच्या काळजात सापडते काय, तर ग्रामोफोनची पिन! बंदूक नाही, आवाज नाही. त्याच सुमारास पेपरात दर आठवड्याला एक छोटी जाहिरात येत असते, वाटेतला काटा काढून हवा असेल तर अमुक वारी अमुक खांबाजवळ उभे राहा म्हणून. पुढचं सांगत नाही, निश्चिंत असा. पण लेखकाची करामत बघा. ग्रामोफोन त्या काळात हौसेनं घराघरांत आलेला, छोट्या जाहिराती रोज चाळल्या जाणाऱ्या. भीती वाटायला त्यानं वाडे-भुयारं शोधली नाहीत. तुमच्या दिवाणखान्यातली वस्तू उचलली आणि तिच्यानं खून पाडला.

सगळंच असं कडक आहे का? नाही. होम्स-वॉटसनची छाप पहिल्या चार कथांवर इतकी ठळक आहे की कधीकधी धोतर नेसलेला होम्सच वाटतो. अजितला लेखकानं गरजेपेक्षा जास्त भोळा ठेवला आहे. जे शाळकरी पोराला दिसेल ते या सुशिक्षित लेखकमहाशयांना दिसत नाही, कारण दिसलं तर ब्योमकेश उलगडून काय सांगणार? ‘माकडशार रस’मध्ये तर ब्योमकेश दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो, तपासाला अजित जातो, आणि त्यानं आणलेल्या हकिकतीवरून ब्योमकेश घरबसल्या कोडं सोडवतो. ऐकायला मजा येते, पण कोडं ते कोडंच. आणि बायका? पहिल्या चार कथांत त्या जवळपास पडद्याआडच आहेत.

मग येते पाचवी, ‘अर्थमनर्थम्’. एक श्रीमंत, तऱ्हेवाईक म्हातारा, त्याच्या आश्रयाला राहणारी नातेवाईक मंडळी, आणि मृत्युपत्र सारखं बदलायची म्हाताऱ्याची खोड. एके सकाळी म्हातारा मेलेला सापडतो आणि संशय जातो सत्यवतीच्या भावावर. इथे ही साधीसुधी, घाबरलेली पण न वाकणारी मुलगी ब्योमकेशपुढे उभी राहते. आणि चार कथांत एकदाही न अडखळलेला आपला सत्यान्वेषी पहिल्यांदा अडखळतो. पुढे तो तिच्याशी लग्न करतो. होम्सनं लग्न केलं नाही, पॉयरोनं केलं नाही. आमचा बंगाली बाबू मात्र तपास संपवता संपवता संसाराला लागला! माशीमा हा भाग वाचताना चष्मा काढून पुसतात. दर वेळी, बरं का. त्यांनी ही कथा किती वेळा वाचली असेल ते त्यांनाही ठाऊक नाही.

इथेच लेखक पेचात सापडला. लग्न झालेल्या डिटेक्टिव्हचं करायचं काय? आणखी काही कथा लिहून त्यानं ब्योमकेशला रजा दिली. मधे सिनेमा आला, मुंबई आली. पुढे कोलकात्यातल्या एका स्नेह्याच्या घरी मुलांनीच विचारलं, ब्योमकेश का नाही लिहीत आता? त्या प्रश्नातून १९५१मध्ये ‘चित्रचोर’ आली. तिच्यात ब्योमकेश आजारातून उठला आहे, सत्यवती त्याला पथ्याचं खायला घालते आहे, आणि नवरा-बायकोची झकास भांडणं चालली आहेत. पहिल्या दहा वाचून मग ही वाचली की फरक लख्ख दिसतो. तरुण लेखक विचारत होता, खून कसा झाला? पन्नाशी उलटलेला लेखक विचारतो, ही माणसं एका घरात राहून एकमेकांना इतकी कशी ओळखत नाहीत?

महाराष्ट्राचं मीठही लागलं होतंच. ‘शैलरहस्य’ ही कथा चक्क महाबळेश्वरला घडते. थंडी, रिकामं हॉटेल, भुताचा वास, आणि ब्योमकेश तिथून अजितला पत्रं लिहितोय. शिवाजीमहाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या चतुर मराठी पोरावर त्यांनी मुलांसाठी पाच कथा लिहिल्या. बंगालची मुलं त्या वाचत मोठी झाली. आम्हा बंगळूरकरांना जवळची वाटेल ती ‘तुंगभद्रार तीरे’, विजयनगरच्या साम्राज्यावरची कादंबरी. तिला १९६७मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला. बिहारात वाढलेला बंगाली माणूस पुण्यात बसून हंपीवर कादंबरी लिहितो. याला म्हणायचं काय!

पण माझ्या मनातून जात नाही ते माशीमांचं कपाट. रहस्यकथा रवींद्रनाथांच्या शेजारी! त्याच सुमारास आपल्याकडे कोण लिहीत होतं? बाबूराव अर्नाळकर. १९३६ ते १९८४ या काळात १०९२ रहस्यकथा. गिनेस बुकात नोंद झालेला माणूस. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावं घेतली की आजही साठी-सत्तरीच्या मंडळींच्या डोळ्यांत चमक येते. लायब्ररीतून भाड्यानं आणून, भूगोलाच्या पुस्तकात लपवून, पांघरुणाखाली बॅटरी लावून वाचलेली पुस्तकं. वाचली सगळ्यांनी, जपली कोणी? आमच्या आजोबांकडे ट्रंकभर अर्नाळकर होते. घर बदललं तेव्हा ज्ञानेश्वरी, गाथा, खांडेकर, फडके नव्या घरी आले आणि काळा पहाड किलोच्या भावानं गेला. कोणाला वाईटही वाटलं नाही, कारण ती ‘तसली’ पुस्तकं.

इथे कर्नाटकात तरी वेगळं आहे का? याच बंगळुरात एन. नरसिंहय्या नावाचे लेखक होऊन गेले. १९२५चा जन्म, २०११मध्ये निधन. ‘पत्तेदार पुरुषोत्तम’ हा त्यांचा डिटेक्टिव्ह. पाचशेवर कादंबऱ्या लिहिल्या. कन्नड माणसाला वाचनाची गोडी यांनी लावली असं इथले जुने वाचक आदरानं सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरी पुस्तक मागा, बहुतेक वेळा निघत नाही.

कोणी म्हणेल, शरदिंदूबाबूंची भाषा उच्च दर्जाची होती, अर्नाळकरांची घाईची. मान्य. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्याची सगळीच कशी टिकतील? बत्तीस कथा एका पुठ्ठ्यात मावतात, हजार मावत नाहीत, हेही खरं. पण हजारांतल्या कोणत्या बत्तीस ठेवायच्या, एवढं ठरवण्यासाठी तरी त्या कोणाच्या घरी असायला हव्यात की नकोत? बंगालीत वाचकानं आधी जपलं आणि प्रकाशकानं मग बांधलं. म्हणूनच मला आज १९३२ची कथा १९३३च्या कथेशेजारी ठेवून लेखक कुठे शिकला ते बोट ठेवून दाखवता येतं. झुंजारच्या बाबतीत ते करायचं तर मी जाऊ कुठे?

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पिवळ्या पानांची, फाटक्या कव्हरांची चार पातळ पुस्तकं निघाली तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. कव्हर फेकू नका, ते आतच राहू द्या. पहिल्या पानावर छपाईचं साल असेल तर त्या क्रमानं लावा आणि एखाद्या बाइंडरकडे नेऊन द्या. इथे अव्हेन्यू रोडच्या आसपास असे कारागीर अजून भेटतात, तुमच्या गावातही एखादा असेल. चार चार पुस्तकं एका पुठ्ठ्यात, पाठीला कापड. आणि पाठीवर लेखकाचं नाव टाकायला सांगायला विसरू नका.